हंस की क्रौंच? ओळखताना या चुका टाळा

दलदलीच्या पलीकडे मोठा पांढरा पक्षी दिसला, लांब मान दिसली, की आपण नाव ठोकून मोकळे होतो. कुणी हंस (स्वान) म्हणतं, कुणी क्रौंच (क्रेन). पण पांढरा रंग आणि लांब मान दोघांकडेही आहे, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. खरा फरक पायांत आहे, आणि पायांकडे आपलं लक्ष सगळ्यात शेवटी जातं.

मान ताणलेली, म्हणजे क्रौंचच

ही चूक सर्रास होते. बगळा मान दुमडून उडतो आणि क्रौंच ताणून, हे आपण शिकलेलो असतो. ते बरोबरच आहे, पण हंसही मान ताणूनच उडतो. म्हणून उडत्या पक्ष्याची मान सोडा आणि शेपटीकडे बघा. क्रौंचाचे पाय शेपटीच्या बरेच मागे, काठीसारखे सरळ निघालेले असतात. हंसाचे आखूड पाय शेपटीखाली दडतात, त्यामुळे तो पुढून लांब आणि मागून एकदम तोकडा दिसतो. एक अपवाद मात्र लक्षात असू द्या: कडाक्याच्या थंडीत क्रौंचही कधी कधी पाय पोटाशी दुमडून उडतो. तेव्हा मागे पाय दिसले तर हंस नक्कीच नाही. पण दिसले नाहीत, तर घाई न करता पंख बघा.

काळा रंग चुकीच्या जागी शोधणं

पंखांचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे आणि मला तेच सगळ्यात आवडतं. सायबेरियन क्रौंच आणि उत्तर अमेरिकेतला हूपिंग क्रेन या दोघांच्या पंखांची टोकं काळी असतात, पण पंख मिटले की ती झाकली जातात. उभा पक्षी शुभ्र दिसतो आणि ‘काळं कुठेच नाही, म्हणजे हंस’ असा निष्कर्ष निघतो. जपानमधल्या होक्काइदो बेटावर दिसणाऱ्या लाल डोक्याच्या क्रौंचाचं नेमकं उलट आहे. तो उभा असताना शेपटी काळी वाटते. प्रत्यक्षात शेपटी पांढरीच असते; पंखांची आतल्या बाजूची काळी पिसं तिच्यावर लोंबत असतात. उडाला की पंखांची टोकं पांढरी निघतात! पांढऱ्या जातींच्या हंसांमध्ये मात्र प्रौढ पक्ष्याचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा असतो. अर्थात, काळी टोकं दिसली म्हणून लगेच क्रौंच म्हणू नका. हिमहंसालाही (स्नो गूज; नावात हंस असला तरी तो वेगळा पक्षी) ती असतात, आणि पेलिकन किंवा पांढऱ्या करकोच्याच्या (स्टॉर्कच्या) पंखांत तर काळा रंग भरपूर असतो.

पाण्यात आहे, म्हणजे पोहतोय

क्रौंच पोटापर्यंत पाण्यात शिरून कंद उकरत असेल, तर लांबून तो तरंगतोय असंच वाटतं. अशा वेळी पाच मिनिटं थांबा. हंस पाण्यावरून सरकतो आणि त्याचं अंग हलत नाही. क्रौंच पावलं टाकतो, त्यामुळे प्रत्येक पावलाला अंग किंचित वरखाली होतं. खोलवरची पाणवनस्पती हवी असली की हंस शेपटी वर करून अर्धा उलटा होतो. क्रौंच तसं कधीच करत नाही. उडतानाही फरक कळतो. 10 किलोच्या आसपास वजनाचा हंस पाण्यावर फडफडत बरंच अंतर धावतो, तर क्रौंचाला दोनचार ढांगा पुरतात.

आवाजावर विसंबू नका. बऱ्याच क्रौंचांची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळी घेते, म्हणून त्यांची हाक तुतारीसारखी दूरवर जाते. पण हूपर हंसाचीही नलिका तशीच असते आणि तोही दणदणीत ओरडतो.

फोटोतून ओळखताना

कडक उन्हातल्या फोटोत पांढरी पिसं ‘जळून’ जातात, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो, आणि त्यांच्यासोबत चोच व चेहऱ्याचे तपशीलही जातात. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश) थोडं कमी ठेवा. हंसाची चोच रुंद आणि बदकासारखी चपटी असते. क्रौंचाची लांब, सरळ, टोकदार. क्रौंचाच्या डोक्यावर किंवा चेहऱ्यावर लाल, बिनपिसांची कातडीही दिसते. मात्र तांबूस झाक दिसली म्हणून गोंधळू नका: लोहयुक्त पाण्यात चरणाऱ्या हंसाची मान गंजल्यासारखी होते, आणि सायबेरियन क्रौंचाचं पिल्लू मुळातच तांबूस असतं.

नावांचा घोळ वेगळाच. आपण करकोचा हा शब्द क्रौंचासाठीही वापरतो आणि स्टॉर्कसाठीही. नोंद करताना जातीचं पूर्ण नाव लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.

आणि पक्षी झाडाच्या फांदीवर बसलेला असेल, तर हंस-क्रौंचाचा वादच सोडा. हंसाचे पडदेवाले पाय फांदी धरण्यासाठी नसतात. पांढऱ्या क्रौंचांचं मागचं बोट लहान आणि वर चढलेलं असतं, त्यामुळे त्यांनाही फांदीची पकड घेता येत नाही. तो बगळा किंवा स्टॉर्क असावा असं धरून पुन्हा चोचीपासून सुरुवात करा.