लंडनला निघालेल्या सोलापूरच्या पोरांनो, वेम्ब्ली अरेनाला जाण्याआधी

गड्ड्याच्या यात्रेला घरी आलो की गल्लीतली कुणीतरी काकू हटकून विचारते, "आमचा पोरगा लंडनला निघालाय, चार गोष्टी सांग त्याला." खोली, बँक हे सगळं सीनियर सांगतात. मी वेम्ब्ली अरेनाचं सांगतो. पहिल्याच वर्षी पोरं तिथं हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमाला जातात आणि तिकिटात फसतात.

मीही फसलो. ओळखीतल्या एका मराठी माणसाकडून 60 पौंडांना तिकीट घेतलं. दारावरच्या मुलीनं बारकोडवर यंत्र धरलं, लाल दिवा. पुन्हा धरलं, पुन्हा लाल. त्याच तिकिटावर आधीच कुणीतरी आत गेलं होतं. आठवड्याचा किराणा त्या पैशांत होता. पुढचे दिवस कडक भाकरी आणि आईच्या शेंगाचटणीवर काढले. तिकीट अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. ग्रुपवर 'एक तिकीट उरलंय' दिसलं तरी नको. विकणारा आपल्या जिल्ह्याचा असला तरी नको. परक्या मुलखात मराठी ऐकलं की आपण विरघळतो आणि काही विचारतच नाही.

बॅग लहान न्या. वेळेवर पोचा.

आणि तासभर आधी जाऊन इमारतीला बाहेरून एक चक्कर मारा. बाजूच्या भिंतींना लागून काँक्रीटचे जाडजूड, पंखासारखे बाहेर आलेले आधार उभे दिसतील. छताचा भार त्यांनी पेललाय, म्हणून आत मधे एकही खांब नाही. ओवेन विल्यम्स या इंजिनिअरनं 1934 च्या एम्पायर गेम्ससाठी, म्हणजे आजच्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी, ही इमारत पोहण्याचा तलाव म्हणून बांधली. नावच एम्पायर पूल. हिवाळ्यात तिथंच बर्फावर स्केटिंग चाले. 1948 च्या ऑलिंपिकमधलं पोहणं इथलंच. वेम्ब्ली अरेना हे नाव 1978 मध्ये आलं, पुढं त्याला प्रायोजकांची नावं जोडली गेली.

आपल्यासाठी मोठी गोष्ट म्हणजे 1980 साली प्रकाश पदुकोण यांनी इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगला हरवून बॅडमिंटनची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली ती इथंच. 2012 ला सायना नेहवालनं ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलं, तेही इथंच. गाणं सुरू होण्याआधी खाली नजर टाकून त्या कोर्टाची जागा मनात आखा. मी दर वेळी आखतो.

स्टेशन वेम्ब्ली पार्क. मोठं फुटबॉल स्टेडियम शेजारीच आहे, गर्दीमागं तिकडं जाऊ नका. वेम्ब्ली सेंट्रलला उतरायचं ते ईलिंग रोडच्या बाजारासाठी. तिथले गुजराती दुकानदार नवख्या पोरांना फार जीव लावतात. ज्वारीचं पीठ हवं असेल तर 'जुवार' म्हणून मागा.