हॉस्टेलवर डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉपलाच मॉनिटर जोडावा?

पुण्यात कॉट बेसिसवर राहणार असाल तर आधी टेप घेऊन टेबल मोजा, खरंच मोजा, कारण २४ इंची मॉनिटर साधारण ५४ सेंटीमीटर रुंद असतो आणि त्याच्यापुढे कीबोर्ड ठेवला की वहीला जागाच उरत नाही. दर वर्षी रूम बदलायची असेल, सुट्टीत एसटीने गावी जायचं असेल, कॉलेजात प्रॅक्टिकलला मशीन न्यायचं असेल तर डेस्कटॉपचा विचार सोडून द्या. शिवाय पुण्यात गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, डेस्कटॉपला यूपीएसचा वेगळा खर्च.

आता मेन मुद्दा, इथेच लोक फसतात. यूएसबी-सी पोर्ट दिसला म्हणजे डॉक (एकाच केबलने लॅपटॉपला मॉनिटर, कीबोर्ड, चार्जर जोडून देणारा छोटा डबा) चालेलच असं नाही! त्या पोर्टातून डिस्प्ले आणि चार्जिंग दोन्ही जातं का ते स्पेसिफिकेशनमध्ये बघा, डिस्प्लेपोर्ट आणि पॉवर डिलिव्हरी असे शब्द शोधा. माझ्या आधीच्या लॅपटॉपचा पोर्ट फक्त डेटाचा निघाला, डॉक लावला तर मॉनिटरवर नुसतं ‘नो सिग्नल’, खूप वाईट वाटलं. एकच मॉनिटर असेल तर डॉक कशाला, साधी एचडीएमआय केबल पुरते.

आर्किटेक्चरवाले, थ्रीडी रेंडरिंगवाले, आणि एकाच फ्लॅटवर तीन-चार वर्षं राहणारे, तुम्ही मात्र डेस्कटॉपच घ्या, तेवढ्याच पैशात जास्त पॉवर मिळते आणि रॅम नंतर वाढवता येते. लॅपटॉपमध्ये ती बऱ्याचदा बोर्डवर सोल्डर केलेली असते, म्हणून घेतानाच १६ जीबी घ्या.