क्लायंट टिकवायचा तर दोन सेशनच्या मधले दिवस सांभाळा

बिझनेस कोचिंगमध्ये नवीन क्लायंटच्या मागे सगळेच लागतात, पण जुना क्लायंट तिसऱ्या वर्षी स्वतःहून फोन करतो का ते बघा, कोचची खरी परीक्षा तिथे असते. आणि माझं मत पक्कं आहे, तो भारी सेशनमुळे टिकत नाही, दोन सेशनच्या मधे तुम्ही त्याच्या धंद्यावर किती लक्ष ठेवता त्यावर टिकतो.

पहिली मीटिंग मॉलच्या कॅफेत ठेवू नका. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, जिथे त्याचा गाळा असेल तिथे जा. केबिनमध्ये मालक म्हणणार सगळं मस्त चाललंय, पण फ्लोअरवर उभं राहिलं की कोपऱ्यात पॅक करून ठेवलेला माल दिसतो, आणि सुपरवायझर सहज बोलून जातो की पार्टीने मागचं पेमेंट दिलं नाही म्हणून साहेबांनी डिस्पॅच थांबवलाय. बस, तुमचं पहिल्या महिन्याचं काम तिथेच मिळालं. अशा वेळी व्हिजन-मिशन काढून बसलात तर तो मान डोलवेल आणि पुढच्या महिन्यात बिझी आहे म्हणेल.

त्या उधारीवरच आधी बसा. उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे लघुउद्योग म्हणून नोंद, केलीय का विचारा, कारण २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. बऱ्याच मालकांना हे अर्धवट माहीत असतं, आणि मोठी पार्टी हातची जाईल या भीतीने ते बोलतच नाहीत. तुम्ही नुसता कायदा सांगून मोकळं होऊ नका, पुढच्या ऑर्डरला पीओवर, म्हणजे पार्टीच्या लेखी खरेदी ऑर्डरवर, पेमेंटची मुदत लिहून कशी घ्यायची, फोनवर काय बोलायचं, ते त्याच्यासोबत बसून ठरवा. कायद्याच्या बारकाव्यांसाठी त्याच्या सीएला सोबत घ्या, सीएच्या कामात लुडबूड नको.

आता मधले दिवस. त्याचं कॅलेंडर तुमच्या डायरीत पाहिजे. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्याला ११ आणि २० तारखेच्या आसपास सेशन देऊ नका, त्याचं अर्धं डोकं तिकडे असतं. गणपतीत निम्मे कामगार कोकणात जातात, तर ऑगस्टच्या सुरुवातीलाच विचारा की डिलिव्हरीचं काय ठरवलंय. क्लायंट वाशी एपीएमसीत आंब्याचा व्यापारी असेल तर एप्रिल-मे मध्ये त्याला स्ट्रॅटेजी शिकवायला जाऊ नका, सीझन उतरला की निवांत बसा. आणि दसऱ्याला मशीनच्या पूजेला बोलावलं तर नक्की जा, त्या दिवशी कामाचा विषय काढू नका.

फॉलोअपचा मेसेज छोटाच ठेवा पण त्याच्याच कामाचा. 'सर कसे आहात' ला उत्तर येत नाही, 'त्या पार्टीने पीओवर मुदत लिहून दिली का' ला येतं. फॉरवर्ड केलेले सुविचार तर अजिबात नको.

फीचं आधीच लिहून घ्या, किती सेशन, मधे फोन चालतील का, सेशन कॅन्सल झालं तर काय, जीएसटी धरून की वरून. ओळखीतून आलेल्या क्लायंटकडे तर हमखास लिहून घ्या, संकोचात राहिलं की नंतर दोघांनाही जड जातं.

एक गोष्ट मात्र कधीच सोडू नका, तोंड बंद ठेवायचं. टीटीसी पट्ट्यात, म्हणजे रबाळे-महापेच्या एमआयडीसीत, एकाचं जॉबवर्क दुसरा करतो, दुसऱ्याचा मेव्हणा तिसऱ्याचा सप्लायर असतो. नाव न घेता सांगितलेला किस्साही कुणाचा ते लोक लगेच ओळखतात, आणि समोरचा मनात म्हणतो, उद्या माझंही असंच सांगणार. दोन क्लायंट एकमेकांचे स्पर्धक निघाले तर दोघांनाही आधीच कळवा.

आणि मालक आकडे स्वतः बघायला लागला, वसुलीची मीटिंग तुमच्याशिवाय दर सोमवारी होऊ लागली, की महिन्याचं पॅकेज रिन्यू करायचा आग्रह धरू नका. तीन महिन्यांतून एकदा बसूया असं तुम्हीच सुचवा, फी कमी होईल तर होऊ दे. असा मोकळा सोडलेला मालक दुसरा गाळा घेताना, मुलाला धंद्यात आणताना पहिला फोन तुम्हाला करतो, आणि शेजारच्या गाळ्यातल्याला तुमचा नंबरही देतो.