ऑस्ट्रेलियात बुशवॉकला (रानातल्या पायी भटकंतीला) निघताय? या चुका टाळा

सिडनीच्या रॉयल नॅशनल पार्कची पायवाट ट्रेनमधून उतरलं की जवळच सुरू होते. १८७९ पासून राखलेलं हे रान सह्याद्रीत गड चढलेल्या माणसाला किरकोळ वाटतं. ना छातीवरचा चढ, ना बिबट्या. मग भारतातून आलेल्या आई-बाबांना आणि मुलांना घेऊन मंडळी सँडलवरच निघतात. इथे त्रास देणारे जीव छोटे असतात आणि दाट गवतात बसलेले असतात. पायात बंद बूट, लांब पँट आणि पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, एवढं तरी कराच.

गोचीड चिमटीत धरून ओढणं

ही चूक सर्वांत जास्त होते, कारण गावाकडे गाईगुरांची गोचीड आपण तशीच काढतो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनारपट्टीवर पक्षाघात आणणारी गोचीड असते. तिला दाबलं की तिची लाळ आणखी अंगात जाते आणि ॲलर्जी असलेल्या माणसाचा जीव त्यात जाऊ शकतो. तिला जागच्या जागी मारायचं. मोठी असेल तर औषधांच्या दुकानात मिळणारा ईथरयुक्त गोठवणारा स्प्रे मारा आणि ती आपोआप गळून पडू द्या. बारीक पिल्लं असतील तर पर्मेथ्रिनचं मलम लावा. रॉकेल, तेल, पेटती काडी यांतलं काही नको. आधी कधी गोचिडीची जोरदार ॲलर्जी आली असेल तर घरी उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

घरी आल्यावर कानामागे, केसांत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली नीट बघा. मुलांचं डोकं बोटांनी चाचपा. चावल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मटण खाल्ल्यावर काही तासांत अंगावर गांधी उठल्या, पोटात कळा आल्या, तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा. या चाव्यातून मांसाची ॲलर्जी जडू शकते.

साप दिसल्यावर काठी शोधणं

साप इथे कायद्याने संरक्षित आहेत, आणि मारायला किंवा पकडायला गेलेल्यांनाच अनेकदा चावतात. थांबा, हळूच मागे सरका, त्याला जाऊ द्या.

चावलाच तर आपल्या मनात बसलेलं सगळं बाजूला ठेवा. दोरीने आवळणं, चिरा देणं, तोंडाने ओढणं, जखम धुणं, सगळंच चूक. जखम धुवायची नाही, कारण कातडीवर राहिलेल्या विषावरून डॉक्टरांना सापाचा गट ओळखायला मदत होऊ शकते. माणसाला आहे तिथेच बसवा किंवा आडवं करा, एक पाऊलही चालू देऊ नका, ००० या इमर्जन्सी नंबरला फोन लावा. १० ते १५ सेंटिमीटर रुंदीचं इलॅस्टिक बँडेज आधी चाव्यावर गुंडाळा. मग दुसरं घेऊन बोटांपासून वर जांघेपर्यंत किंवा काखेपर्यंत बांधत जा. पँट उतरवू नका, वरूनच बांधा. बँडेजखाली बोट सहज सरकत असेल तर ते सैल आहे. शेवटी सरळ फांदी लावून हात-पाय हलणार नाही असा बांधा. ऑस्ट्रेलियातले विषतज्ज्ञ डॉ. स्ट्रुअन सदरलँड यांनी १९७०च्या दशकाअखेर ही पद्धत मांडली. फनेल-वेब नावाचा विषारी कोळी चावला तरी हेच करायचं. म्हणून सॅकमध्ये किमान दोन बँडेज हवीत. घरी एकदा एकमेकांच्या पायावर बांधून बघा, कारण घाबरलेल्या हातांनी पहिल्यांदा ते जमत नाही.

बूट न घासता आत शिरणं

काही वाटांच्या तोंडाशी ब्रश आणि जंतुनाशकाची सोय असते. लोक ती ओलांडून पुढे जातात, आणि ते बघून खरंच वाईट वाटतं. फायटोफ्थोरा नावाचा मातीतला रोग झाडांची मुळं कुजवतो. तो बुटाच्या तळाला चिकटलेल्या चिखलातून एका रानातून दुसऱ्या रानात जातो आणि एकदा जमिनीत शिरला की त्याला तिथून काढता येत नाही. आधी खाचांतला चिखल ब्रशने पूर्ण काढा, मगच औषध लावा; चिखलावर औषध चालत नाही. वाट सोडून शॉर्टकट मारू नका. लायरबर्ड या पक्ष्याची मादी घरटं बहुधा जमिनीलगत बांधते, हिवाळ्यात, आणि त्यात अंडं एकच असतं.

पक्ष्यांना पोळी, ब्रेड, चिवडा घालू नका. न्यू साउथ वेल्स या सिडनीच्या राज्यातल्या नॅशनल पार्कांत कुत्रा नेता येत नाही, पट्टा बांधूनही. मोठ्या निलगिरीखाली डबा खायला बसू नका. वारा नसतानाही फांदी कोसळते.

आगीचा इशारा न बघता निघणं

उन्हाळ्यात आदल्या रात्री आणि सकाळी पुन्हा आगीच्या धोक्याची पातळी बघा. टोटल फायर बॅन असेल तर चहासाठीही शेगडी पेटवायची नाही, आणि पार्कच बंद असेल तर बेत रद्द करा. हिवाळ्यात उलट अडचण होते: जूनमध्ये सिडनीत पाचच्या आत सूर्य मावळतो आणि घळीत त्याआधीच अंधारतं, म्हणून टॉर्च घ्या. अशा घळींत नेटवर्क जातं. नकाशा आधी डाउनलोड करा, मदत मागताना आपलं ठिकाण दाखवणारं इमर्जन्सी प्लस ॲप घालून ठेवा, आणि कोणत्या वाटेने जाताय, किती वाजता परतणार, हे घरी कुणाला तरी लिहून पाठवा.