वाढीव कामाचे पैसे बुडू नयेत म्हणून काय करायचं

पाथर्डी फाट्याला एका बंगल्याच्या बांधकामाचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं होतं मी, चौरस फुटाच्या रेटने, मटेरियलसकट. जोत्यापर्यंत सगळं सुरळीत. मग मालक रोज संध्याकाळी साइटवर यायचे, भाऊ इथे एक लॉफ्ट टाका, गच्चीचा पॅरापेट फूटभर वर घ्या, जिन्याखाली बाथरूम काढा, आणि मी हो साहेब हो साहेब करत सगळं करत गेलो. फायनल बिलाला म्हणाले, हे तर रेटमध्येच धरलं होतं ना! माझ्याकडे चिटोरंसुद्धा नव्हतं. लेबरचा पगार शेवटी घरातून दिला.

म्हणून सांगतो, हो म्हणा पण त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲप टाका. ‘साहेब, आज तुम्ही सांगितल्याप्रमाणे वरच्या बेडरूममध्ये लॉफ्ट, ८ बाय २ फूट, करारापेक्षा वेगळं काम, इतके रुपये होतील, ओके कळवा.’ ओके आल्याशिवाय सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकू, लावायचं नाही, मग चुलतभावाचं काम असो नाहीतर कोणाचं.

कायदा आपल्या बाजूने अजिबात नाही असं नाहीये. करार कायदा १८७२, कलम ७०, तुम्ही फुकट करायचं म्हणून काम केलं नसेल आणि समोरच्याने त्याचा फायदा घेतला असेल तर मोबदला मागता येतो. पण काम त्यानेच सांगितलं आणि किती झालं हे सिद्ध आपल्याला करावं लागतं, तिथेच सगळे अडकतात. चॅट कोर्टात द्यायची तर साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडावं लागतं, त्यामुळे हिशोब मिटेपर्यंत जुना फोन विकू नका, चॅट उडवू नका.

मापं प्लास्टर वाळायच्या आत घ्या, मालक नाहीतर त्यांचा इंजिनिअर सोबत उभा करून, आणि वहीत तिथल्या तिथे सही. दारं-खिडक्यांची वजावट कशी धरायची ते करारातच लिहा, प्लास्टरच्या बिलात निम्मी भांडणं याचीच असतात.

‘दिवाळीनंतर बघू’ ऐकत बसू नका. पैसे कधी द्यायचे हे ठरलं नसेल तर काम झाल्यापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही, पण त्या ३ वर्षांच्या आत बाकी कबूल आहे असं लिहून सही दिली तर तिथून नवीन ३ वर्षं मिळतात. म्हणून प्रत्येक रनिंग बिलावर, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने देतो त्या बिलावर, बाकी लिहून सही घ्यायचीच.

आणि एक, हे पैशापेक्षा मोठं आहे. सांगितलेली वाढीव खोली मंजूर नकाशात आहे का बघा. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ च्या कलम ५२ मध्ये विनापरवाना बांधकाम स्वतःसाठी करणारा आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून करणारा, दोघंही येतात, म्हणजे आपणही. महापालिकेच्या मंजूर नकाशाची झेरॉक्स साइटवर ठेवा आणि मालकाला सरळ सांगा, आधी आर्किटेक्टकडून सुधारित नकाशा मंजूर करून आणा, तोवर त्या खोलीच्या विटा मी उतरवून घेणार नाही.