फाशी कायम झाली, आता दयेचा अर्ज : तारखांची वही आधी उघडा

सर्वोच्च न्यायालयाने अपील किंवा पुनर्विचार याचिका फेटाळल्याचं तुरुंग अधीक्षकांनी कैद्याला कळवलं, की त्या दिवसापासून ३० दिवस मोजायचे. ही मुदत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या, कलम ४७२ ची. आधी राज्यपालांकडे जा. तिथे नकार आला तर राष्ट्रपतींकडे जायला ६० दिवस मिळतात.

निकालाची चिरफाड करण्यात पानं घालवू नका. न्यायालयापुढे नीट आलंच नाही ते वर घ्या: गुन्ह्याच्या वेळचं वय, मानसिक आजाराचे केसपेपर, तुरुंगातली वर्तणूक. कागदपत्रांच्या प्रती अधीक्षकांकडे लेखी मागा. आठवड्याच्या आत द्याव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगून ठेवलंय. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका.

दयेच्या अर्जावर सरकारने अवाजवी विलंब लावला, तर त्या कारणाने फाशी रद्द होऊ शकते. म्हणून त्याच दिवशी वही घाला. रकाने चार: तारीख, कागद कुठून निघाला, कुठे पोचला, मधे किती दिवस गेले. अडलेल्या तारखा माहितीच्या अधिकारात मागवा. कैद्याच्या स्वतःच्या याचिकांमुळे गेलेला वेळ वेगळा लिहा; तो सरकारच्या दिरंगाईत धरला जात नाही, आणि याचिका इथेच लंगडी पडू शकते.

पुण्याच्या बीपीओ कर्मचारी खून प्रकरणात राष्ट्रपतींनी २०१७ मध्येच दया नाकारली होती. फाशीचं वॉरंट, म्हणजे फाशीची तारीख ठरवणारा न्यायालयाचा आदेश, निघालं एप्रिल २०१९ मध्ये. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच जुलैत फाशीऐवजी ३५ वर्षांची कैद दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशीही जानेवारी २०२२ मध्ये अशाच विलंबामुळे रद्द झाली. फाशीच्या बाजूचा असो की विरोधातला, माणूस इथे पेचात पडतो: गुन्हा तेवढाच भयंकर राहिला, शिक्षा उतरली ती टेबलावर पडलेल्या फायलींमुळे. मारल्या गेलेल्या मुलांच्या आईबापांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं? पण कैद्याच्या वकिलाने म्हणून हा मुद्दा सोडायचा नसतो.

राष्ट्रपतींचा नकार कळल्यावर फाशीपर्यंत किमान १४ दिवस मिळालेच पाहिजेत. वॉरंटचा आदेश कैद्याच्या हाती पडल्यावर पूर्ण १५ दिवस, हे २०२४ च्या त्याच निकालात आहे. नकाराविरुद्ध अपील नाही, पण रिट याचिका (हक्कांच्या रक्षणासाठी थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिका) करता येते. तिचा मसुदा वहीसकट आधीच तयार हवा.

शिक्षा उतरली तर घरच्यांना लगेच स्पष्ट सांगा: जन्मठेप १४ वर्षांनी आपोआप संपत नाही; न्यायालयाने ठरावीक वर्षं सांगितली नसतील, तर ती मरेपर्यंतची असते.