साईटवर गेलेली हत्यारं परत यावीत म्हणून नोंद कशी ठेवायची

आमचं बांधकामाचं छोटं कॉन्ट्रॅक्ट आहे, एका वेळी तीन-चार साईट चालू असतात. एकदा ऐन स्लॅबच्या सकाळी व्हायब्रेटरची (काँक्रीट हलवून दाबून बसवायचं मशीन) ४० एमएमची नीडल, म्हणजे काँक्रीटमध्ये बुडवायची नळी, सापडेना. वहीत लिहिलेलं "नीडल, दोन नंबर साईट", दोन नंबरवाला म्हणे मी तर टेम्पोतनं तिकडं पाठवली, तिकडचा म्हणे मला कुणी दिलीच नाही, आणि इकडं मिक्सर चालू, माणसं उभी. शेवटी भाड्यानं आणली. आपली नंतर सापडली, जिन्याखाली रिकाम्या गोण्यांच्या ढिगात.

तेव्हापासून एकच नियम, हत्यार साईटच्या नावावर लिहायचं नाही, माणसाच्या नावावर लिहायचं. साईट काय फोन उचलत नाही.

आधी नंबर टाकून घ्या. ग्राइंडर, ड्रिल, ब्रेकरवर मार्करनं लिहिलेलं चार दिवसात पुसतं, त्यापेक्षा सोल्डरिंग आयर्न तापवून हँडलवर नंबर कोरा (मोटरच्या बाजूला नको, बॉडीला भोक पडलं तर शॉकची भीती). लोखंडी सामानावर वेल्डरकडून अक्षर टाकून घ्यायचं. जॅक (स्लॅबखालचे लोखंडी टेकू) आणि सेंट्रिंगच्या (स्लॅब ओतायच्या साच्याच्या) प्लेटांना मात्र एकेक नंबर द्यायच्या भानगडीत पडू नका, आपल्या रंगाचा पट्टा मारा आणि नगावर हिशोब ठेवा. ३ बाय २ ची प्लेट म्हणजे ६ चौरस फूट, १००० फुटाच्या स्लॅबला साधारण १६७ लागतात, थोड्या जास्तीच्या धरा, पण कुणी अडीचशे मागायला लागला की विचारायचं बाबा कशाला.

मग व्हॉट्सॲप ग्रुप. सामान निघताना नंबर दिसेल असा फोटो, खाली "जी७, घेणाऱ्याचं नाव, तारीख", कायम ह्याच पद्धतीनं. कुणी जी-७ लिहितो कुणी ग्राइंडर ७, मग सर्चमध्ये घंटा काही सापडत नाही. नीट लिहिलं तर जी७ टाकलं की त्या ग्राइंडरची सगळी जन्मकुंडली समोर येते. रोज रात्री दहा मिनिटं काढून ते शीटमध्ये उतरवायचं, नाहीतर वहीत, काहीही चालतं.

खरी गोची होते एका साईटवरनं दुसरीकडं जाताना. तिथं फोटो देणाऱ्यानं नाही, घेणाऱ्यानं टाकायचा, आणि तो पडत नाही तोवर सामान आधीच्याच्या डोक्यावर. हे सुरुवातीला मुकादमांना पटलं नाही, भांडणं झाली, पण आता तेच टेम्पो पोचला की मागं लागतात, फोटो टाक म्हणून.

परत कधी येणार ते देतानाच लिहा, पण मनानं नाही. जॅकची तारीख काँक्रीट ठरवतं. आयएस ४५६ (काँक्रीटकामाचं भारतीय मानक) प्रमाणे साध्या म्हणजे ओपीसी सिमेंटला साडेचार मीटरपर्यंत गाळा (स्पॅन) असलेल्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्यापुढच्या स्लॅबचे १४ दिवसांनी, ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ आणि त्याहून लांब बीमचे २१ दिवसांनी काढायचे. स्लॅब टाकल्याची तारीख माहीत असली की परतीची आपोआप निघते, आणि दुसऱ्या साईटला घाई आहे म्हणून कुणी लवकर जॅक काढायला बघत असेल तर तेही कळतं.

परत घेताना नुसतं मशीन बघू नका. ड्रिलची चकची चावी, ग्राइंडरचा पाना, साइड हँडल, गार्ड, वायर कुठं सोललीय का. गार्ड हमखास गायब असतो, कारण चार इंची मशीनला पाच इंची चकती लावायची असते. त्यावर मी चिडतो, ते वेगळं. बंद पडलेलं मशीन आणून दिलं तर ओरडू नका, ओरडलं की पुढच्या वेळी ते लपवतात, आणि सापडत नाही म्हणतात.

मोजणी आम्ही अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी करतो, दुसऱ्या दिवशी काम बंदच असतं म्हणून सामान तसंही गोळा होतं. खर्ची वाटायच्या आधी मोजायचं, नंतर कुणी थांबत नाही. वर्षातनं एकदा खंडेनवमीला सगळं गोडाऊनला आणायचं, अगदी थापी-ओळंब्यासकट. पूजेला जे आलं नाही त्याची यादी त्याच दिवशी नावांसकट ग्रुपवर पडते आणि दसरा झाला की टेम्पो ती यादी घेऊनच निघतो.